रापणीतला गुरुजींचा वाटा

गुरुजींच्या हातात रापणीचा दोर मी दिला. त्यांनी मागितला नव्हता आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीची उजवी बाजू रिकामी दिसत होती, म्हणून दिला.

रापण म्हणजे काय ते आधी सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जायचं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांनी दोन रांगा धरून ते ओढायचे. ओढत ओढत सगळं जाळं वाळूवर आलं की त्यात असेल ती मासळी ओढणाऱ्यांत वाटायची. हे मी मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगतोय खरा. पण माझं घर समुद्रापासून चांगलं आत, काजूच्या झाडांत. आम्ही भात लावणारी माणसं. मासळीबद्दलचं माझं सगळं ज्ञान मालवणच्या बाजारात घासाघीस करून आणि ताटात काटे बाजूला काढून मिळवलेलं. जन्मभर मासे खाल्ले म्हणजे मासेमारी कळली अशी माझी समजूत होती.

गुरुजी कोण, तेही सांगायला हवं. ते खरोखरचे गुरुजी. आमच्याच बाजूच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचे. मी तेव्हा सावंतवाडीत एका केबलवाल्याकडे कॅमेरा धरायचो. सकाळी साड्यांच्या दुकानाची जाहिरात आणि भजन यांच्यामध्ये पाच मिनिटं मोकळी राहायची. ती भरायला कोणीतरी हवं होतं. शाळेच्या गॅदरिंगला गुरुजींचं भाषण ऐकलं होतं, म्हणून त्यांना विचारलं. स्टुडिओ म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची खोली आणि मागे खिळ्यांना अडकवलेली हिरवी चादर. आवाज येतो म्हणून पंखा बंद. गुरुजी घामाने निथळत सांगायचे, मन शांत ठेवा.

चांगलं बोलायचे, हे मान्य करायलाच हवं. दहावीच्या निकालानंतर नापास पोरांसाठी ते एकदा बोलले. ते मी मोबाईलवर टाकलं आणि ते कुठच्या कुठे गेलं. मुंबईतल्या चाकरमान्यांनी एकमेकांना पाठवलं, मग आखातातून फोन आले. एका आईने रडत सांगितलं की तिचा मुलगा दार उघडून बाहेर आला आणि जेवला. गुरुजी त्या दिवशी त्या मुलाबद्दलच पुन्हा पुन्हा विचारत होते. मी मात्र किती जणांनी पाहिलं ते बघत होतो. आम्हा दोघांच्या स्वभावातला फरक तिथेच दिसायला हवा होता. पण मी बघत होतो आकडा.

पुढे मोठे हॉल, मोठे कार्यक्रम, पांढरा झब्बा, नोकरीचा राजीनामा. मग ट्रस्ट. ट्रस्टने कामंही खरी केली. डोळ्यांची शिबिरं झाली, शाळांना पाण्याच्या टाक्या मिळाल्या, वादळात छपरं उडाली त्यांना पत्रे मिळाले. फक्त हळूहळू एक रीत पडत गेली आणि ती पाडणारा मी. मदत पोचायच्या आधी कॅमेरा पोचला पाहिजे. तळेऱ्याच्या पुढे एका गावात आमचा टेम्पो भर दुपारी पत्रे घेऊन पोचला. मी म्हटलं, ऊन फार कडक आहे, चेहऱ्यावर सावल्या पडतात, जरा उतरू दे. ज्यांच्यासाठी पत्रे आणले ते आजोबा उघड्या भिंतींमध्ये बसून राहिले. ऊन उतरायच्या ऐवजी पाऊस उतरला. आजोबांची उरलीसुरली गोधडी भिजली. गुरुजी माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. पण बोलले नाहीत, कारण तेवढ्यात मी कॅमेरा सुरू केला होता.

रापणीचं हे याच्या नंतरचं. पावसाळा संपता संपता आलेल्या वादळात मालवणजवळच्या एका वाडीचं जाळं फाटलं. रापणीचं जाळं म्हणजे एका माणसाची वस्तू नव्हे. वाडीतल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. त्या रापणीचे म्होरके म्हणजे तांडेल काका. वयस्कर माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी फाटलेलं जाळं दुरुस्त करून कसंबसं चालू ठेवलं होतं. किनाऱ्याजवळ बांगडा येण्याचे दिवस होते. तेच दिवस हातचे गेले तर पुढे सगळं वर्ष ओढाताण. ट्रस्टने नवं जाळं द्यायचं ठरवलं. कल्पना गुरुजींची होती आणि मनापासूनची होती.

आम्ही पोचलो तेव्हा जुन्याच जाळ्याने रापण ओढणं चाललं होतं. मला सोनं सापडल्यासारखं झालं. गुरुजींना म्हटलं, “एकच मिनिट दोर धरा. असा शॉट पुन्हा नाय गावायचो.”

गुरुजींनी धरला. आणि एक मिनिटाने सोडला नाही. शेतकऱ्याचा मुलगा, अंगात होतं ते वर आलं असावं. झब्ब्याच्या बाह्या सारून, पाय वाळूत रोवून शेवटपर्यंत ओढत राहिले. तळहात सोलून निघाले. शेजारच्या माणसाने, “गुरुजीनू, शाळेत पोरांचे कान असेच ओढी होतास काय?” म्हटल्यावर ते असे हसले की तसं हसताना मी त्यांना कॅमेऱ्यात कधी पकडलं नव्हतं. जाळं वर आलं. बांगडा बरा होता, थोडी तारलीची बारीक मासळीही होती. काकांनी स्वतः बसून वाळूवर वाटे घातले, ढिगाशेजारी ढीग. मग एका ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, “गुरुजीनू, ह्यो तुमचो वाटो.”

गुरुजी शुद्ध शाकाहारी. नुसते शाकाहारी नव्हेत. शाकाहारावरचं त्यांचं बोलणं लोकांना तोंडपाठ. ते मीच चित्रित केलं होतं. वर मंद बासरी घातली होती. त्या माणसाच्या हातात बांगडे, आणि भोवती वाडीतल्या प्रत्येकाच्या हातात फोन.

मी पुढे धावलो. “नको नको, काका. गुरुजी मासे खाणत नाय. तुमीच वाटून घेवा.”

“खावक कोण सांगता?” काका म्हणाले. “मांजराक घाला, शेजाऱ्याक द्या. दोराक हात लायलो त्येचो वाटो. तो घेवन जावक व्हयो.”

“तसा नाय, काका. तेंच्या हातात मासे दिसले तर लोक काय म्हणतले?”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. काकांनी हातातला बांगडा ढिगावर ठेवला. उठले, हात धुतले.

“आमचो वाटो तुमच्या हातात दिसलो तर लाज,” ते म्हणाले, “आणि तुमचा जाळा आमच्या हातात दिसला तर पुण्य. बरा आसा. ता जाळा परत घेवन जा रे.”

ते माझ्याशी बोलत होते, गुरुजींशी नव्हे. गुरुजी सोललेले हात तसेच धरून उभे. मला हळूच म्हणाले, “आता काय करूया?” मी म्हटलं, “चला, कार्यक्रमाला उशीर होतोय.” सावंतवाडीत संध्याकाळी त्यांचं व्याख्यान होतं. ते गाडीत बसले. वाळूवर तो एक ढीग तसाच राहिला. त्याला कोणीच हात लावेना. शेवटी कावळे आले.

नव्या जाळ्याचं गाठोडं टेम्पोवाल्याने माझ्या पडवीत टाकलं. बायको म्हणाली, “ह्या काय? आता काजूच्या बागेत मासे मारतलास?”

इथे थांबलो असतो तर ती नुसती फजिती ठरली असती. पण ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला, व्हिडिओ कुठे आहे? ज्यांनी जाळ्यासाठी पैसे दिले ते वाट बघतायत. मी बसलो आणि जुळवलं. टेम्पोतून जाळं उतरताना. गुरुजी दोर ओढताना. काका हसताना. काकी, म्हणजे तांडेल काकांची बायको, डोक्यावरची पाटी सावरत हसताना. गुरुजींचे जोडलेले हात. खाली एक ओळ: रापणकारांना नव्या जाळ्याची भेट. जाळं घेतलं असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. स्वतःला हे मी बऱ्याचदा सांगितलं.

त्या व्हिडिओसारखा आमचा दुसरा कोणताच चालला नाही.

काही दिवसांनी काकी माझ्या दारात. मासळी विकून, एसटी बदलून, एवढ्या आत चालत आलेली. पाटी रिकामी होती. बायकोने पाणी दिलं, ते तिने घेतलं. पण बसली नाही. कोणाचा तरी मोबाईल आणला होता, तो माझ्यासमोर धरला. व्हिडिओत काका हसत होते.

“ह्यो माजो घोव मां?”

“व्हय, काकी.”

“कित्याक हसता तो?”

तिने मोबाईल आणखी पुढे केला.

“बांगडो गावलो म्हणान हसता. आणि तू खाली काय लिवलंस?”

मग तिने सांगितलं ते असं. वाडीतल्या मुंबईकरांचं एक मंडळ आहे. त्यांनी गावच्या रापणीसाठी जाळं घ्यायचं मनावर घेतलं होतं. त्यांनी व्हिडिओ पाहिला.

“फोन केल्यानी. म्हणतत, तुमका जाळा मिळाला, बरा झाला, आता आमी देवळाच्या मंडपाचा बगतो. ह्येनी सांगल्यानी, जाळा खंय आसा? तर ते म्हणतत, व्हिडिओत आमी आमच्या डोळ्यांनी बगलव. खोटा कित्याक बोलतास?” तिचा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं. “माज्या घोवाक खोटो म्हटल्यानी, रे. आणि जुना जाळा काल मदीच फाटला. बांगडो आत इल्लो. आमच्या डोळ्यादेखत भायर गेलो.”

बोलताना तिची नजर पडवीतल्या गाठोड्याकडे गेली. निळं, करकरीत, दोरीसुद्धा न सोडलेलं. त्यावर आमचं मांजर झोपलं होतं. मांजराला मी उठवलं, एवढीच माझी त्या वेळची कर्तबगारी.

ती गेल्यावर मी ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, “काढायचा? आत्ता? इतका चाललाय तो.” गुरुजींना केला, तो लागेना. मुंबईत चॅनेलवर त्यांच्या भाषणांची मालिका सुरू होती, दिवसभर शूटिंग. संध्याकाळी त्यांचा आवाज आला, ध्वनिमुद्रित, स्वच्छ पुस्तकी मराठीत: “आपण यातून सकारात्मक मार्ग काढू.” ते बोलणं ऐकून मला पहिल्यांदा आपल्याच मालाचा कंटाळा आला. असं बोलायला त्यांना मीच शिकवलं होतं. सुरुवातीला ते अडखळायचे, मधेच मालवणीत घसरायचे. ते सगळं मी कापून टाकायचो.

पासवर्ड माझ्याकडे होता. व्हिडिओ काढला. मग पडवीत उभा राहून फोन स्वतःकडे धरला आणि सांगितलं की जाळं दिलेलंच नाही, ते इथे आहे, वाडीतली माणसं खोटं बोलत नाहीत, खोटं मी जुळवलं. कॅमेरा गाठोड्याकडे फिरवला, तर मांजर पुन्हा तिथेच झोपलेलं. कापायला हवं होतं, तसंच टाकलं. बघणारे थोडेच निघाले, पण त्यांत बोलणारे फार. मी विकला गेलोय, मी गुरुजींवर जळतोय, मी कोळ्यांना भडकवतोय. एकाने लिहिलं, मांजर छान आहे. ऑफिसने मला ग्रुपमधून काढलं. मुंबईच्या मंडळाने काकांना फोन करून माफी मागितली. पण तोवर मंडपाचं साहित्य ठरून गेलं होतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

गुरुजी आले ते एके सकाळी, एकटेच. ड्रायव्हरला रस्त्यावर थांबवून चालत आत आले. सरळ त्या गाठोड्यावर बसले. मी चहा विचारला, नको म्हणाले. मी शिव्यांची वाट बघत उभा.

“माजो वाटो तू नाय म्हणालंस,” ते म्हणाले. कित्येक वर्षांनी ते माझ्याशी मालवणीत बोलत होते. “माका इचारलंस पण नाय.”

“चुकलंय, गुरुजी.”

“थांब. खरा सांगू? माका बरा वाटला. कोणीतरी माझ्याआधी नाय म्हटल्यान ता.” हाताच्या तळव्याकडे बघत होते, दोराच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या. “गाडीत बसल्यार पयलो इचार खयचो इलो, माहीत आसा? फोटो कोणी काडलो नाय मां, ह्यो. थंय ढीग पडलेलो, आणि मी फोटोचो इचार करतंय.”

त्यांना धीर द्यायला हवा होता. त्यांचीच वाक्यं आठवत होती, पण ती त्यांनाच कशी ऐकवणार?

जाळं त्यांच्या गाडीत घातलं. मागची काच उघडी ठेवून, अर्धं बाहेर लोंबत, किनाऱ्यावर आलो. काका वाळूवर बसून फाटलेला भाग विणत होते. वर बघितलं, पुन्हा सुई चालू केली. गुरुजी त्यांच्यासमोर वाळूतच बसले.

“काकानू, दोर धरूक इलंय.”

“रापण खंय आसा? जाळा बगा ह्या.”

“म्हणान तर. नवीन जाळा घेवा. मी दोर धरतंय. वाटो देशात तो घेईन.”

काकांची सुई थांबली. “हातात धरून जाशात?”

“जाईन.”

“वाडीतसून?”

“वाडीतसून.”

“आणि ह्यो?” काकांनी हनुवटीने मला दाखवलं.

“ह्यो फोन खिशात ठेयत.”

काकांनी सुई बाजूला ठेवली आणि होडीवाल्यांना हाक मारली. त्यांना पाहिजे होतं म्हणून घेतलं, की दुसरा इलाज नव्हता म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही. गाठोडं सोडलं, जाळं होडीत चढवलं. काकांनी नारळ ठेवून समुद्राला हात जोडले. होडी गेली. दोर आले. गुरुजी रांगेत उभे राहिले आणि या वेळी कोणी त्यांची थट्टा केली नाही. सगळे गप्प ओढत होते. जाळं चांगलं होतं. इतकं सुबक जाळं त्या वाडीत पूर्वी आलं नसेल. पण बांगडा निघून गेला होता. वर आलं ते पाणचट जेलीफिश, मूठभर खेकडे, थोडी बारीक मासळी. एका म्हाताऱ्याने जाळ्यातलं शेवाळ झाडलं आणि नुसतंच “हं” केलं.

तरी काकांनी वाटे घातले. एवढ्याशा मासळीचे एवढेसे वाटे. बोटांवर मावतील असे. गुरुजींनी आपला वाटा ओंजळीत उचलला. नाक किंचित आक्रसलं, पण उचलला. झब्ब्यावर पाणी ओघळत होतं. वाडीतून चालत गेले. दारादारांतून बायका बघत होत्या, दोघातिघांनी फोन काढले. वाडीच्या टोकाच्या घरातल्या आजीच्या ताटलीत त्यांनी तो वाटा ओतला आणि तिच्याच रांजणावर हात धुतले.

त्यातला एक फोटो जायचा तिथे गेला. शाकाहार शिकवणाऱ्याच्या ओंजळीत मासे. वर काय काय लिहिलं होतं ते मी इथे सांगत नाही. गुरुजींचे कार्यक्रम रद्द झाले, काही ट्रस्टींनी पाठ फिरवली. चॅनेलने मालिका आवरली. ते खुलासा करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “काय सांगू? मासे होतेच हातात.” शिबिरं चालू आहेत, लहान झाली आहेत. मला अजून बोलावतात. कॅमेरा घेऊन ये, असं मात्र म्हणत नाहीत.

वाडीचे ते दिवस परत आले नाहीत. बांगड्याचा हंगाम त्या वर्षी गेला तो गेलाच. काकांचा धाकटा भाऊ गोव्याला बोटीवर कामाला गेला. नव्या जाळ्याला पुढे मासळी लागली, नाही असं नाही. पण फाटलेल्या जाळ्यातून जी निसटली ती माझ्या नावावर आहे, एवढं मला कळतं.

त्या सकाळी गुरुजी वाडीतून चालत निघाले तेव्हा मी किनाऱ्यावरच राहिलो होतो. हातात फोन नाही, तर हातांचं काय करावं सुचेना. काकी आपल्या पाटीत मूठभर मासळी निवडत बसली होती. बाजारात न्यावी की नाही याचा विचार करत असावी. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “काकी, अजून राग आसा काय माझ्यार?”

तिने वर बघितलं. खरंच आठवून पाहत असल्यासारखं बघितलं.

“तुझ्यार?” ती म्हणाली. “तू मोबायलचो इस्टँड रे. इस्टँडाक कोण गाळी घालता?”